गो-कार्टचा क्लच: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कार्टच्या, म्हणजे शर्यतीच्या छोट्या, बुटक्या, उघड्या गाडीच्या मागे लागलेले लोक साधारण दोन प्रकारचे. हिंगणा रोड, काटोल रोडकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली टीमवाली पोरं आणि भाड्याच्या ट्रॅकवर गाड्या सांभाळणारे मेकॅनिक. दोघांची तक्रार फिरून फिरून क्लचवरच येते. खालचे बहुतेक प्रश्न होंडा जीएक्स जातीच्या चार-स्ट्रोक इंजिनावर बसणाऱ्या कोरड्या सेंट्रिफ्यूगल क्लचचे आहेत. बाकी प्रकारांचं थोडक्यात शेवटाकडे आहे.

लिव्हर नाही, पेडल नाही. मग हा क्लच धरतो कसा?

क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, की नावाच्या छोट्या लोखंडी पट्टीने पक्का बसलेला हब (मधला गाभा) असतो. त्यावर शू (घासणारे वक्र तुकडे) असतात आणि स्प्रिंगा त्यांना आत ओढून ठेवतात. इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) वाढले की शू बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला आतून घासतात. ड्रमला स्प्रॉकेट (दातेरी चाक) जोडलेलं असतं, म्हणून चेन फिरते आणि गाडी चालू लागते. बाहेर फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. २००० चे ४००० झाले तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. क्लच कमी आरपीएमवर ढिला आणि वर गेल्यावर एकदम घट्ट का वाटतो, ते यातच आलं. ज्यांनी लुना चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गाडी उभी आणि इंजिन चालू असतं, तेव्हा हब फिरतो आणि ड्रम थांबलेला असतो. दोघांच्या मधला बुश (धातूची नळीसारखी कडी) त्या वेळी झिजत असतो. गाडी पूर्ण वेगात असताना हब आणि ड्रम एकत्र फिरतात, तेव्हा बुशला काही कामच नसतं. म्हणजे पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत) दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून गप्पा मारल्या, तर ती झीज शर्यतीतल्या दहा मिनिटांपेक्षा जास्त.

भाऊ, क्लच जळाल्याचा वास येतो, कधी कधी धूरही. नवा घेऊ का?

आधी थांबा. या क्लचला मारते ती उष्णता, आणि उष्णता येते घसरण्यातून. घसरण्याचं कारण बऱ्याचदा क्लचच्या बाहेर असतं. ते न शोधता नवा बसवला तर तोही तसाच जळेल.

उष्णता किती, तो हिशोब करून पाहा. जीएक्स २०० चा कमाल टॉर्क १२.४ न्यूटन-मीटर, २५०० आरपीएमला. ब्रेक दाबून गाडी अडवली आणि त्याच आरपीएमला क्लच घसरत राहिला, तर ३.२ किलोवॉटच्या आसपास शक्ती नुसती उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. बाथरूममधला तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर समजा, पण पाण्याशिवाय. तळहातात मावणाऱ्या लोखंडी ड्रममध्ये ही उष्णता काही सेकंद जरी गेली, तरी रंग बदलतो.

म्हणून तपासण्याचा क्रम असा ठेवा. गाडी स्टँडवर चढवा, प्लगची टोपी काढा आणि मागचा ॲक्सल हाताने फिरवा. फिरता फिरता लगेच अडला तर ब्रेक पॅड डिस्कला चिकटलेत किंवा ॲक्सलची बेअरिंग कोरडी पडलीत. मी पाहिलेल्या 'क्लच गेला' म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये ब्रेकचंच दुखणं बरेचदा निघतं. ॲक्सल मोकळा असेल तर ड्रायव्हरकडे पाहा. रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस कार्टमध्ये बसला की त्याचा डावा पाय ब्रेकवर नुसताच टेकून राहतो. त्यानंतर गिअरिंग, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात. मग इंजिनाची ताकद: एअर फिल्टर चोंदलाय का, कार्ब्युरेटर बरोबर आहे का. हे सगळं ठीक निघालं की मगच क्लच खोला.

खोलताना ड्रम काढून उजेडात धरा. आतली भिंत एकसारखी राखाडी, बारीक घासलेली दिसली तर ड्रम निरोगी आहे. पोलादावर फिकट पिवळा रंग साधारण २२०-२३० अंशांना चढतो, निळा ३०० च्या जवळ. थोडा पिवळेपणा असेल तर चिंता नको. निळे डाग फक्त दोन-तीन ठिकाणी असतील तर शू सगळे सारखे टेकत नाहीत. सगळा ड्रमच निळा-जांभळा असेल किंवा आत केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर तो ड्रम परत बसवू नका. भेग पडलेला ड्रम वेगात फिरताना फुटू शकतो आणि तुकडे ड्रायव्हरकडे उडू शकतात.

शूवर चकचकीत, काचेरी थर चढला असेल तर तो काढता येतो. ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर ड्रमच्या आत, खरखरीत बाजू वर करून लावा आणि शू त्यावर घासा. अशाने शूची गोलाई बिघडत नाही. सपाट फरशीवर घासले तर शू मधेच टेकतील आणि क्लच आधीपेक्षा जास्त घसरेल. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको, कारण वाळल्यावरही तेलकटपणा मागे राहतो. आणि क्लचमधली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. शूवरच्या जुन्या अस्तरांत काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, ते छातीत जायला नको.

गिअरिंगचा, म्हणजे पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटच्या दातांच्या प्रमाणाचा, क्लचशी काय संबंध?

सगळ्यात मोठा संबंध. उदाहरण घ्या. मागचं टायर ११ इंची, म्हणजे घेर साधारण ८८ सेंटिमीटर. क्लच २४०० आरपीएमला पूर्ण धरतो असं समजा. पुढे १२ दातांचं आणि मागे ४८ दातांचं स्प्रॉकेट असेल तर गाडी ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास पोचेपर्यंत क्लच घसरत राहणार. मागे ६० दातांचं लावलं तर हाच वेग ताशी २५ वर येतो.

आता कॉलेजच्या पार्किंगमध्ये शंकू मांडून केलेला ट्रॅक डोळ्यासमोर आणा. अरुंद वळणावर गाडी ताशी २८ वर उतरते. ४८ दातांवर प्रत्येक वळणानंतर क्लच घसरेल, ६० दातांवर तो वळणातही धरलेलाच राहील. एका फेरीत अशी सहा वळणं असतील तर काय होतं ते ड्रमच निळा होऊन सांगतो.

किंमत मोजावी लागते ती वरच्या वेगात. ३६०० आरपीएमला ४८ दातांवर साडेसत्तेचाळीस, ६० वर ३८. पोरांना हे पटत नाही. सगळ्यांना कागदावर टॉप स्पीड हवा असतो. पण लांब सरळ पट्टाच नसेल तर तो वेग येणार कुठून? वळणातून बाहेर पडताना गाडी ओढली गेली की फेरीचा वेळ तिथेच कमी होतो आणि क्लचही वाचतो.

क्लच किती आरपीएमला धरायला हवा? आणि ते मोजायचं कसं?

इंजिनाचा टॉर्क जिथे सगळ्यात जास्त, त्याच्या जवळपास. जीएक्स २०० ला तो २५०० च्या सुमाराला. स्प्रिंगा फार मऊ असतील तर क्लच लवकर धरतो, इंजिन दबतं आणि गाडी आळशी होते. फार कडक असतील तर सुटताना गाडी जोरात उडी मारते, पण घसरण लांबते आणि उष्णता वाढते. कडक स्प्रिंगा लावल्या की 'पिकअप वाढला' असं वाटतं खरं, पण ते आधीच वर गेलेल्या इंजिनाच्या आवाजामुळे. स्टॉपवॉच काय म्हणतं ते पाहा.

मोजायला प्लगच्या वायरीला गुंडाळायचं साधं टॅकोमीटर पुरतं. जीएक्सला क्रँकच्या दर फेरीला एक ठिणगी पडते. मीटरचं सेटिंगही तसंच हवं. 'फोर-स्ट्रोक' म्हणून दोन फेऱ्यांना एक ठिणगी लावली तर आकडा दुप्पट दिसेल आणि स्प्रिंगांचा सगळा हिशोब चुकेल.

चाचणी मोकळ्या जागेत घ्या, समोर कोणी उभं नको. ड्रायव्हर हेल्मेटसह बसलेला हवा. ब्रेक पूर्ण दाबायचा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण. मीटर ज्या आकड्यावर स्थिरावतो तो वाचून लगेच सोडायचं. दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. पुन्हा मोजण्याआधी ड्रम थंड होऊ द्या, कारण तापलेला क्लच वेगळा आकडा दाखवतो.

स्प्रिंगा नेहमी पूर्ण सेट बदला. एकच तुटलेली बदलली तर एक शू आधी आणि बाकीचे नंतर टेकतील.

तेल घालायचं का?

बुशला हो. शूला आणि ड्रमच्या आत कधीच नाही.

इथे आपल्याकडच्या मेकॅनिक लोकांचा गोंधळ होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. टीव्हीएस एक्सएल १०० चा सेंट्रिफ्यूगल क्लच तेलात चालतो. वर्षानुवर्षं तो उघडणाऱ्या माणसाच्या हाताला तेलाची सवय असते. कार्टचा क्लच समोर आला की त्यालाही सवयीने तेल पाजतो आणि मग क्लच घसरतच राहतो. एकदा अस्तरात मुरलेलं तेल पुसून निघत नाही. अस्तर नसलेले, नुसत्या धातूचे शू मात्र धुऊन वापरता येतात.

बुशला साधं इंजिन ऑइल, दोन थेंब, क्लच थंड असताना, शर्यतीच्या प्रत्येक दिवसानंतर. जास्त घातलं तर फिरताना तेच तेल ड्रममध्ये उडतं. स्प्रॉकेट धरून हलवून पाहा: थोडा खेळ चालेल, डुगडुगायला लागलं तर बुश गेला. ड्रम हाताने फिरवल्यावर मोकळा फिरला पाहिजे.

बुश मिळाला नाही म्हणून हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) करून घेतला तरी चालतो, माझी हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. मूळ बुश बहुधा सच्छिद्र असतो, तेल पिऊन ठेवतो. लेथवर कातलेला भरीव गनमेटल तेल धरून ठेवत नाही. त्याला दिवसातून दोनदा पाहावं लागेल. काही क्लचमध्ये बुशऐवजी निडल बेअरिंग असतं, त्याला जास्त तापमानाचं ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच.

इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असतानाच गाडी पुढे सरकते. काहून?

स्लो जास्त आहे, नाहीतर स्प्रिंग तुटली आहे, नाहीतर बुश शाफ्टला धरतोय. जीएक्सचा स्लो १४०० च्या आसपास हवा. तो बरोबर असूनही सरकत असेल तर इंजिन बंद करून गाडी स्टँडवर घ्या आणि ड्रम हाताने फिरवा. जड लागला तर बुश. हा दोष 'चालतंय' म्हणून सोडू नका. पिटमध्ये समोर माणसं उभी असतात.

सुटताना गाडी थरथरते.

नवा क्लच असेल तर शू अजून बसलेले नाहीत, थोडं चालू द्या. जुना असेल तर तेल किंवा काचेरी थर. तेल कुठून आलं ते शोधा: क्लचच्या मागे इंजिनाच्या भिंतीवर ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर क्रँकचं ऑइल सील गेलं आहे. सील न बदलता शू साफ करण्यात अर्थ नाही. दोन्ही नसेल तर शाफ्टच्या टोकाचा बोल्ट आणि की पाहा. की एका कडेने दबून चपटी झाली असेल तर हबच हलतोय.

चेन सारखी उतरते. त्याचाही क्लचशी संबंध आहे?

आहे, दोन्ही बाजूंनी. क्लचचा बुश झिजला की पुढचं स्प्रॉकेट वाकडं चालतं आणि चेन उतरते. उलट चेन फार ताणली तर बुश एका बाजूने अंडाकृती होतो. मधोमध बोटाने दाबल्यावर १२ ते २० मिलिमीटर ढील असू द्या, ड्रायव्हर बसलेला असताना मोजा. सरळपणा पाहायला मागच्या स्प्रॉकेटवर स्टीलची पट्टी टेकवा आणि ती पुढच्या दातांना कशी भिडते ते पाहा. स्प्रॉकेटच्या दातांची एकच कड चकाकत असेल तर पट्टीचीही गरज नाही, लाइन बिघडलेली आहे.

स्प्रॉकेट आणि चेन एकाच मापाची हवी. ३५ नंबरच्या चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) ९.५२५ मिलिमीटर, २१९ चा ७.७७५. मोटरसायकलची ४२८ चेन १२.७ ची. जवळपास बसतेय म्हणून चढवायची नाही.

चेनला स्प्रे मारताना क्लचवर फडकं टाका.

नागपूरच्या उन्हाळ्यात क्लच जास्त जळतो का?

जळतो, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. ड्रम दोनशे अंशांच्या वर जातो, तिथे बाहेर २५ आहे की ४५ याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन हीटच्या, म्हणजे शर्यतीच्या दोन टप्प्यांच्या, मधे. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर उभी गाडी थंडच होत नाही, पुढची हीट गरम क्लचनेच सुरू होते. दुसरं म्हणजे हवा विरळ होते. ४५ अंशांना हवेची घनता १५ अंशांच्या तुलनेत नऊ-दहा टक्के कमी. इंजिनाची ताकद तेवढीच उतरते, मिश्रण श्रीमंत होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि गाडी घसरणीच्या टप्प्यातून बाहेर पडायला जास्त वेळ घेते. जानेवारीत सकाळी जमवलेलं सेटिंग मे महिन्याच्या दुपारी चालत नाही. मागे दोन-तीन दात वाढवा, कार्ब्युरेटरचा जेट पाहा, आणि हीट संपली की क्लचचं कव्हर काढून हवा लागू द्या. पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

मोकळ्या मैदानावर चालवत असाल तर काळ्या मातीची बारीक धूळ हा वेगळाच ताप आहे. तेलाशी मिसळली की बुशमध्ये एमरी पेस्टचं (घासायच्या लेपाचं) काम करते. अशा जागी बुश आधी पुसायचा, मग तेल.

नवा क्लच बसवताना काय पाहायचं?

पहिल्यांदा व्हर्नियर (अचूक माप घ्यायचं साधन). जीएक्सच्या काही इंजिनांचा शाफ्ट पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो, काहींचा २०. बाहेरून मागवलेले बरेच क्लच पाऊण इंचाचे येतात. २० च्या शाफ्टवर ते चढत नाहीत आणि २० चा क्लच १९.०५ वर पत्रा घालून बसवणं म्हणजे क्रँकशाफ्ट खराब करून घेणं. ऑर्डर देण्याआधी शाफ्टचा व्यास, कीची रुंदी आणि टोकाच्या बोल्टची आटी, तिन्ही मोजा.

हातोडीने ठोकून चढवू नका, तो मार क्रँकच्या बेअरिंगवर जातो. शाफ्ट बारीक पेपरने साफ केला, तेलाचा हात फिरवला की क्लच हाताने सरकला पाहिजे. शक्य असेल तर स्प्रॉकेट इंजिनाच्या बाजूला ठेवा, बेअरिंगवर ताण कमी येतो. बोल्टला निळं थ्रेडलॉकर (आटी ढिली न होऊ देणारा चिकट द्रव) लावा. बोल्ट कसल्यावर ड्रम मोकळा फिरतो का ते पुन्हा पाहा.

मग रुळवायचा. हळू सुटायचं, थोडं जायचं, थांबायचं. दहा-पंधरा वेळा, मधे थंड होऊ देत. नवा क्लच बसवून थेट शर्यतीच्या ग्रिडवर जाणाऱ्या टीम दर वर्षी दिसतात.

आमच्या कार्टला पल्सरचं इंजिन आहे. हे सगळं लागू होतं का?

नाही. तो तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच आहे. त्यात डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा दर्जा लिहिलेलं मोटरसायकलचंच तेल घाला. कारच्या तेलातले घसरण कमी करणारे पदार्थ प्लेटांना घसरवतात. कार्टमध्ये केबल लांब आणि वळणावळणाची जाते, म्हणून बऱ्याच वेळा क्लच नीट सुटत नाही तो केबलमुळे. लिव्हरला थोडा मोकळा खेळ हवाच. ॲक्टिव्हासारखं स्कूटरचं इंजिन असेल तर सेंट्रिफ्यूगल क्लच मागच्या पुलीवर असतो आणि तो कोरडा असतो, तिथे शू आणि ड्रमबद्दलचं वरचं सगळं लागू.

रोटॅक्स मॅक्सचं काय?

१२५ सीसीचं, पाण्याने थंड होणारं दोन-स्ट्रोक इंजिन. क्लच कोरडा, सेंट्रिफ्यूगलच. पण झिजण्याच्या मर्यादा आणि धरण्याचे आरपीएम नियमपुस्तकाने बांधलेले आहेत, तपासणीत मोजतात. तिथे अंदाज नको, त्या वर्षीचं पुस्तक उघडा.

भाड्याच्या गाड्यांसाठी काही वेगळं?

आधी ओळखा. भाड्याच्या काही जीएक्स इंजिनांवर रिडक्शन गिअरसह तेलातला क्लच असतो, त्याच्या केसिंगला स्वतंत्र डिपस्टिक असते. तिथलं तेल बदलायला लोक विसरतात, कारण इंजिनाचं बदललं की काम झालं असं वाटतं. कोरडा क्लच असेल तर ग्राहकाला गाडीत बसवतानाच सांगा: दोन्ही पेडल एका वेळी दाबायचे नाहीत. पेडलच्या जोडणीत ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटर सुटेल अशी सोय करून घेतली तर त्याहून उत्तम. रविवारी संध्याकाळच्या गर्दीत सूचना कोणी ऐकत नाही.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची आहे.

चेन उतरवा, बुशला तेल द्या, ड्रम आतून कोरडा पुसा. तरीही सप्टेंबरमध्ये आत तांबूस थर दिसेल, त्यावर बारीक पेपर फिरवला की पुरे. गंज लागू नये म्हणून ड्रमच्या आत ग्रीस लावून ठेवायचं नाही. आठवड्यातून एकदा ड्रम हाताने दोन फेऱ्या फिरवा, म्हणजे बुश शाफ्टला चिकटत नाही.